वीस फोडले, तेरा बादलीत

९ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिणं झालं नाही. पेन धरायला बोटंच वळेनात!

काल सकाळी नऊला दहा कमी असताना स्टेशनबाहेरच्या मंडईत स्फोट झाला. एक नाही, दोन. पहिल्याने माणसं पळाली, आणि जिकडे पळाली तिकडेच दुसरा. कोणी केलं, कशासाठी केलं — टीव्हीवाले तावातावाने सांगतायत. मी बंद करून टाकला. मला दिसली ती पोटं. सव्वानऊपासून नुसती पोटं!

आमच्या ऑपरेशन थिएटरात एका वेळी एकच टेबल लागतं. काल मोठ्या डॉक्टरांनी स्वतः दुसरं ढकलत आणलं. "मावशी, आज एका घरात दोन चुली," म्हणाले. एका टेबलावर ते, आणि त्यांच्या हत्यारांच्या ट्रॉलीवर मी. दुसऱ्यावर बाई — म्हणजे आमच्या लेडी सर्जन — आणि त्यांच्या ट्रॉलीवर माझी लेक. दोन्ही टेबलांच्या मध्ये जागा इतकी, की मी मागे सरकले की बाईंच्या पाठीला पाठ लागायची.

लेक रीतसर शिकलेली नर्स. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय जावयांनी. मी चौतीस वर्षांपूर्वी इथे फरशी पुसायला लागले. हत्यारांची नावं डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून पाठ केली, डॉक्टर काय मागणार ते त्यांच्या खांद्यावरून ओळखायला शिकले. परीक्षा कुठलीच नाही. ड्यूटीवर लेक मला सगळ्यांसारखीच 'मावशी' म्हणते. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी 'आई, चहा टाक ना'!

मोठ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं — "आज कोणी कलाकुसर करायची नाही. रक्त थांबवा, आतड्याला भोक असेल तर दोन्हीकडून बांधून टाका, आणि माणूस वर पाठवा. पुढचा बाहेर थांबलाय." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, बऱ्याच वर्षांपूर्वी, फार विचित्र वाटलं होतं. अर्धवट काम? पण खरं आहे. रक्त गेलेला माणूस गारठतो, गारठला की त्याचं रक्त गोठायचं विसरतं, आणि मग जितकं शिवाल तितकं टाक्यांतूनच वाहतं. त्यापेक्षा दाबून ठेवा, ऊब द्या, रक्त द्या. बाकी परवा, शांतपणे.

एक बसड्रायव्हर आला. आतड्याला भोक, आणि लिव्हर फाटलेलं. ओल्या मातीत बोट रुतावं तसं बोट रुतत होतं. मोठ्या डॉक्टरांनी मॉप कोंबले आजूबाजूने — मॉप म्हणजे आमचे जाड शिवलेले कापडाचे चौकोन — आणि वर प्लास्टिकचं शीट पसरून पोट उघडंच ठेवलं. "किती आत, मावशी?" मी म्हटलं, "सात." मांडीवर मार्करने लिहिलं — पोटात सात.

नऊ पोटं उघडली. आठ माणसं आज आहेत.

एरवी एकसुद्धा मॉप आत राहिला तर आम्ही शिवू देत नाही. काल जाणूनबुजून ठेवून पाठवले! उलटंच जग.

पाय सुजलेत. पण खोटं कशाला लिहू — मन भरून आलंय. आठ!

१० नोव्हेंबर, बुधवार

ड्रायव्हरला आज परत टेबलावर घेतलं. अंग गरम, रक्तदाब बरा. रक्त थांबलेलं. मोठ्या डॉक्टरांनी कोमट पाणी सोडत सोडत एकेक मॉप अलगद सोडवला. मी मोठ्याने मोजत होते. सहाव्यानंतर ते थांबले.

"झाले."

"नाही, सात."

"मावशी, सहाच आहेत."

"मांडीवर वाचा."

वाचलं. परत हात घातला. लिव्हरच्या वर, मागे, कोपऱ्यात, आतड्यांच्या घड्यांतून — सगळीकडे. टेबलावरच एक्स-रे काढला. मॉपच्या कडेला एक दोरा असतो, तो फोटोत पांढरा दिसतो. दिसला नाही. पण माणूस पाण्याने असा फुगलेला, की बरगड्यांमागचं सगळं धुरकट.

डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "आतडं जोडलंय. पोट मात्र आज मिटत नाही. शुक्रवारी मिटतो. त्यापुढे गेलो तर कडा जवळ येणार नाहीत, आणि उघडं राहिलं की जंतू आत जातात, ते थांबत नाहीत. तोवर मला सातवा द्या. तो आत असताना पोट मिटलं, तर पू होऊन माणूस जाईल."

"आणि आत नसला तर?"

"तर मला पटवा."

बाहेर त्याची बायको उभी. "मिटलं का पोट?" मी म्हटलं, "मिटेल हो, शुक्रवारी." तिने माझा हात धरला.

११ नोव्हेंबर, गुरुवार

कपडे धुण्याच्या खोलीत गेले. सोमवारच्या सगळ्या चादरी झटकल्या. कचऱ्याच्या लाल पिशव्या सील होऊन खाली होत्या, त्या उघडायला मेट्रनची सही आणली. धोबीदादा म्हणाले, "मावशी, दागिना हरवलाय का?" मी म्हटलं, "दागिना असता तर एवढा शोधला नसता." नाक धरून तेही शोधू लागले. बिचारे.

नाही मिळाला.

दुपारी जरा बसावं म्हणून वॉर्डात फुलवालीकडे गेले. ही त्याच दिवशीची, बाईंच्या टेबलावरची. प्लीहा फुटली होती. ती काढून टाकली, रक्त लगेच थांबलं, म्हणून हिचं पोट तेव्हाच शिवून झालं. सगळ्यांत नशीबवान! दोन्ही बाजूच्या खाटांना दम देत असते. आज मात्र जेवली नव्हती. उचक्या लागलेल्या, थांबेनात.

पलीकडची म्हणाली, "कोण गं आठवण काढतंय एवढी?"

"कोण काढणार? गिऱ्हाइकं!" उचकी. "आणि काल हा खांदा धरला. पोट फाडलं आणि खांदा — हक्! — दुखतो, ऐकलंय कधी?"

आम्ही खूप हसलो. ती हसताना पोटाला उशी दाबून धरत होती.

संध्याकाळी घरी लेकीला सगळं सांगितलं. ती नातीची वेणी घालत होती. ऐकून घेतलं आणि एकच विचारलं —

"आई, सात आत जाताना तू मोजलेस?"

मी नातीची रिबीन उचलून तिच्या हातात दिली.

"सांग ना. एक, दोन असे मोजलेस?"

नव्हते मोजले! तोंडात मारल्यासारखं झालं. रोज मोजते. आत जाताना एक, बाहेर येताना एक. त्या दिवशी वेळ कुठे होता? चार गठ्ठे फोडले, पाच पाचाचे. वीस. बादलीत भिजलेले टाकलेले मोजले — तेरा. वीसातून तेरा गेले, सात. मी मोजले नव्हते, वजा केले होते.

"म्हणजे," लेक म्हणाली, "सातवा आत गेलेला तू पाहिला नाहीस. तो फक्त बादलीत नव्हता."

शिकलेलं माणूस ते शिकलेलं. कौतुक वाटलं आणि लाजही वाटली.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी सातला थिएटरात जाऊन उभी राहिले. कोणी नव्हतं. माझी ट्रॉली जिथे होती तिथे उभी राहिले आणि स्वतःशी बोलले — वीस माझ्या ट्रॉलीवरचे. तेरा बादलीत. सहा ड्रायव्हरच्या पोटात. एक ना बादलीत, ना पोटात, ना चादरीत, ना कचऱ्यात. मॉपला काही पाय नसतात. हातानेच गेला. कोणाच्या? माझ्या मागे पाठ लावून उभं एकच माणूस होतं. बाई. आणि बाईंपुढे त्या वेळी एकच पोट उघडं होतं.

उचक्या. डावा खांदा. न जेवणं. प्लीहा असते डाव्या बरगड्यांखाली, श्वासाच्या पडद्याला लागून. तिथे काही टोचलं की उचकी लागते आणि खांदा दुखतो — हे मी बाईंच्याच तोंडून विद्यार्थ्यांना सांगताना ऐकलंय, दहा वेळा. आणि काल मी हसत बसले होते!

मग खरं सांगायचं तर दहा मिनिटं तशीच उभी राहिले. कारण त्या टेबलावर मोजणीला होती माझी लेक. तिने फळ्यावर लिहिलं होतं — दहा गेले, दहा आले, सही. मनात आलं, ड्रायव्हरच्याच पोटात निघू दे तो मेला मॉप. लिहायला लाज वाटते, पण आलं.

लेक आली आठला. सांगितलं. चेहरा उतरला.

"माझी मोजणी जुळली होती."

"जुळली होतीच. तुझे दहा तुझ्याकडे आले. अकरावा तुझा नव्हताच. बाईंनी मागे हात करून माझ्या ट्रॉलीवरून उचलला असणार. तुला कसा दिसणार?"

"पण सही माझी आहे, आई."

ड्यूटीवर पहिल्यांदा 'आई' म्हणाली.

मी म्हटलं, "मी सांगू, की तू सांगतेस?"

वळली आणि सरळ बाईंच्या खोलीत गेली. मी मागे धावले, पण दार लागलं होतं.

साडेनऊला फुलवालीचा एक्स-रे. डाव्या बरगड्यांखाली पांढरा दोरा, शेवयीसारखा वळलेला. बाईंनी फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाल्या, "मला आठवतच नाही. मी हात मागे केला असेन. दुसरं काय?" आवाज बारीक झाला होता.

फुलवालीला खाटेजवळ बसून बाईंनी स्वतः सांगितलं. मी शेजारी होते. आडपडदा नाही, गोल गोल नाही — "आमचं एक कापड तुमच्या पोटात राहिलंय. आमची चूक. आज काढावं लागेल."

फुलवाली रागावली. रागावणारच! "कापड? माझ्या पोटात — हक्! — तुमचं कापड? कालपासून मी उचक्या देतेय आणि तुम्ही हसताय?" माझ्याकडे बघून म्हणाली ती. मी मान खाली घातली. मग म्हणाली, "काढा. पण ही म्हातारी तिथे उभी राहू दे. हिने शोधलं म्हणता ना."

उभी राहिले. निघाला. घट्ट घडीचा, आजूबाजूला नुकतंच पाणी धरायला लागलेलं. बाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर पू झाला असता.

दुपारी दोनला मोठ्या डॉक्टरांनी ड्रायव्हरचं पोट मिटवलं. कडा जवळ आल्या. मी मोजत होते — आत जाताना एक, बाहेर येताना एक.

जीव भांड्यात पडला.

१३ नोव्हेंबर, शनिवार

उचक्या थांबल्या! फुलवाली अजून माझ्याशी बोलत नाही, पण माझ्या हातून पाणी प्यायली.

१५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळच्या मीटिंगला मोठ्या डॉक्टरांनी मला पुढे बोलावलं. म्हणाले, "आठवड्यापूर्वी आपल्याकडे नऊ माणसं आली. त्यातली दोन आज आहेत, कारण मावशी आपल्या आकड्यावरून हलल्या नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भूलवाले डॉक्टर — बेशुद्धीचं बघतात ते, माझ्याच वयाचे, रिटायर व्हायला आलेले — तेही वाजवत होते, पण जमिनीकडे बघत. चहा मिळाला नसेल.

नवा नियम निघाला. दोन टेबलं लागली तर ट्रॉल्या पाठीला पाठ लावून ठेवायच्या नाहीत, आणि दोन्हीकडच्या मॉपना वेगळ्या रंगाची पट्टी. फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहायला लावलं. 'पट्टी'ला पहिली वेलांटी दिली. लेकीने हळूच पुसून दुसरी केली.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावाने टाळ्या. घरी नातीला सांगितलं. तीही वाजवू लागली, मग जावईही. मी नुसती हसत बसले येड्यासारखी.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

मेट्रनने लेकीला मेमो दिला. मोजणी चुकली, लेखी खुलासा द्या, नोंद फाइलला राहील. मी भांडायला निघाले होते. लेकीने अडवलं — "जाऊ दे, आई. कोणाच्या तरी नावावर लागणारच. बाईंनी त्यांची चूक सांगितलीच आहे. आणि मी दुसऱ्या ट्रॉलीकडे बघायला हवं होतं, हे खरंच आहे."

पुढच्या वर्षी तिचं थिएटर इनचार्ज होणं ठरल्यात जमा होतं. आता मेट्रन म्हणतात, बघू.

तिने खुलासा सुरेख लिहिला. एका ओळीतसुद्धा कोणाकडे बोट नाही. मी वाचला आणि डोळे पुसले. मी तरी बाईंकडे बोट दाखवलं असतं.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

ड्रायव्हरची श्वासाची नळी निघाली. घसा बसलेला, पण पहिलं वाक्य काय? "बस कुठे लावलीय?" बायको रडता रडता हसली. "फुटली तुमची बस." "मग दुसरी देतील," म्हणाला आणि झोपला.

मला बघून त्याने विचारलं, "मांडीवर काय लिहिलंय हो? पुसत नाही." मी म्हटलं, "तुमचा हिशेब होता. मिटला." सात अजून पुसट दिसतोय. त्यावर स्पिरिट फिरवलं.

फुलवाली आज बोलली! "म्हातारे, बस." बसले. "मी तक्रार लिहिणार आहे," म्हणाली. मी म्हटलं, "लिही. बरोबर आहे तुझं." "तुझं नाव चांगलं घालीन," म्हणाली. "आणि त्या नर्सचं?" मी विचारलं. "तिचं कशाला चांगलं घालू? सही तिची ना?" मी तिला सांगितलं नाही की ती माझी लेक. सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.

बाकी सगळं छान. पाय उतरले. जावयांनी माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी आणली.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी भूलवाले डॉक्टर चहा घेऊन माझ्या स्टुलाजवळ आले. इकडेतिकडे बघितलं. म्हणाले, "मावशी, तुम्हाला खरंच आठवत नाही? बाईंनी उचलला नाही तो. त्यांनी मागे हात केला, 'मॉप' म्हणाल्या, आणि तुम्ही वळून त्यांच्या हातात दिलात. मी समोरच होतो, रक्ताची पिशवी दाबत. बोललो नाही. मला वाटलं होतं, तुम्हाला ठाऊक आहे. आता कशाला काढता? सगळे बरे आहेत."

ते बोलले आणि मला आठवलं. तो ओला हातमोजा, माझ्या कमरेशी पसरलेला. 'मॉप' ऐकलं की माझा हात जातो. कोणाचा आवाज, कुठलं टेबल — चौतीस वर्षांत कधी बघावं लागलं नाही.

उद्या आठला मोठ्या डॉक्टरांकडे जाते. मेमोवरचं नाव बदलून घ्यायचं आहे. मग फुलवालीकडे, तिच्या तक्रारीसाठी. लेकीला आधी सांगणार नाही — ती नको म्हणेल.